पाण्याचं दुसरं भांडं

तिसरा महिना निम्मा सरला की नोंगफाएचं तळं आटून गुडघ्याएवढं होतं, आणि गावच्या बाया एका ओळीनं चिखलात उतरतात. बिनबुडाची बांबूची टोपली खपकन चिखलात दाबायची, वरच्या तोंडातून हात घालायचा आणि आत अडकलेला मासा चाचपून कंबरेच्या बुट्टीत टाकायचा. ओळीत जिची तिची जागा ठरलेली. लामदुआनची जागा याय पिम्फाच्या, म्हणजे पिम्फा आजीच्या, उजव्या हाताला. आई गेल्यावर ह्याच म्हातारीनं तिला भाताचा गोळा भरवून वाढवलेलं. तेव्हापासूनची ती जागा.

"अगं हळू दाब की," म्हातारी म्हणाली. "मासा धरायचाय, का गाडायचाय?"

"याय, तुझ्या टोपलीत तीन झाले. माझ्या टोपलीत नुसता गाळ."

"नवरा बोटीवर मासे मारतोय तिकडं. बायकोला एक मिळंना." पलीकडून सुपिन बोलली, आणि साऱ्या ओळीला हसू फुटलं.

तेवढ्यात बांधावर पांढरी गाडी थांबली. गाडीतून उतरलेला माणूस जोडे काढून, विजार दुमडून, सरळ चिखलाच्या कडेपर्यंत आला आणि त्यानं हात जोडले. नाव चायनारोंग. राजधानीतल्या एका पाहणी करणाऱ्या कंपनीचा माणूस. पलीकडच्या माळावर साखर कारखाना येणार अशी बातमी गावात वर्षभर होतीच. गावाचं त्यावर काय म्हणणं आहे ते विचारायला आपण आलोय, असं तो म्हणाला.

दुपारी बायांनी त्याला झाडाखाली जेवायला बसवलं. चिकट भात आणि गडद, उग्र वासाचा पाडेक. शहरातली माणसं ह्या मुरवलेल्या माशाचा वास आला की रुमाल काढतात. ह्या गड्यानं भाताचा गोळा वळला, पाडेकात बुडवला आणि बोटं चाटली. तिथंच अर्ध्या गावानं त्याला आपल्यात घेतलं.

चार दिवसांनी त्यानं लामदुआनला काम दिलं. ती बारावी झालेली, आरोग्याचं काम करत दारोदार फिरलेली. तो तिला ताईच्या मानानं 'पी' म्हणे.

"पी लामदुआन, मी गेलो तर लोक मला अंगणात उभं करतील. तुम्हाला पायऱ्यांवर बसवतील. उत्तर पायरीवरच मिळतं."

दोन दिवस त्यानं तिला शिकवलं. प्रश्न कागदावर आहे तसाच वाचायचा, एक शब्द पदरचा घालायचा नाही. उत्तर ऐकताना मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही. नाहीतर माणूस आपल्या तोंडाकडं बघून उत्तर देतो. खूण कागदावरच्या कुठल्या घरात करायची ते आधी ठरवून जायचं नाही. आणि खालच्या रिकाम्या ओळीत तो जे बोलेल ते शब्दाला शब्द लिहायचं.

लामदुआनला हे ऐकून मोठं समाधान वाटलं. कारण ती आख्यानवेडी बाई. चौथ्या महिन्यात देवळात तेरा अध्यायांचं गायलेलं प्रवचन होतं, पोटची लेकरंही देऊन टाकणाऱ्या दानशूर राजपुत्राचं. त्या दिवशी ती पहाटे जाऊन खांबाला टेकून बसायची आणि शेवटचा अध्याय संपेपर्यंत उठायची नाही. थोरले भिक्खू लुआंगफो आवाज लावायचे तेव्हा बाहेरची कुत्रीसुद्धा आडवी व्हायची. ते नेहमी सांगत, "सूर हलला तर चालतो. शब्द हलवायचा नाही. ताडपत्रावर जे आहे ते माझं नव्हे, मी नुसती वाट." म्हणजे ह्या पाहणीतही तेच, असं तिला वाटलं. आपण नुसती वाट.

घरं निवडायची वेळ आली तेव्हा दोनशे चाळीस घरांचे क्रमांक डब्यात घातले आणि साठ चिठ्ठ्या काढल्या. लोक कुरकुरले. देवळाच्या मंडपात लुंग थोंगसा, वयानं मोठा आणि तिखट जिभेचा म्हातारा, उभा राहिला.

"माझं घर न्हाई निघालं. म्हंजे मला मत न्हाई?"

"लुंग, आख्यानाचा कुठला अध्याय कुठल्या घराच्या दानातनं गायचा ते चिठ्ठीवर ठरतं का न्हाई?" लामदुआन म्हणाली. "राणीच्या रडण्याचा अध्याय तुमच्याकडं आला न्हाई म्हणून तुम्ही रडत न्हाई का? साठ घरं सगळ्या गावासाठी बोलतील. त्याला नमुना म्हणतात. शितावरनं भाताची परीक्षा."

"आन् नावं?"

"नाव कुणाचंच बाहेर जायचं न्हाई. मी बुद्धापुढं बोलते हे." आणि तिनं खरंच मूर्तीपुढं हात जोडून तसं म्हटलं. तेव्हा लोकांची कुरकुर थांबली.

पहिलं घर याय पिम्फाचं निघालं.

म्हातारीनं तिला पायरीवर बसवलं, रांजणातलं पावसाचं पाणी भांड्यात भरून दिलं. लामदुआन ते प्यायली आणि वाचायला लागली. घरात माणसं किती, भात किती पिकतो, मासे किती. म्हातारी उत्तरं देत होती, मधे मधे 'हे काय बाई विचारायचं असतंय' म्हणत होती. मग नववा प्रश्न आला.

"कारखान्यानं गावचं तळं सुधारून वापरात आणलं, तर तुम्ही किती समाधानी असाल? एक, अजिबात नाही. दोन, थोडे नाराज. तीन, मधोमध. चार, समाधानी. पाच, फार समाधानी. सहावं घर, सांगता येत नाही."

याय पिम्फानं भांडं उचललं. रांजणाशी गेली. काठोकाठ भरून आणलं आणि लामदुआनपुढं ठेवलं. हसली.

"जेवलीस का गं सकाळी? आमच्या तळ्यातल्या गोगलगाई औंदा लई चवीच्या निघाल्यात."

मून नदीच्या ह्या काठानं कुणी दारच्या माणसाला 'नाही' म्हणत नाही. पायरीवर आलेल्याच्या तोंडावर नाही मारणं म्हणजे पोटच्या पोराला भात नाकारणं. इथं फक्त न मागता पाण्याचं दुसरं भांडं भरून पुढं ठेवतात आणि विषय बदलतात. शहाण्या माणसानं ते पाणी प्यायचं, उठायचं आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. मुलगी मागायला आलेल्यालाही तेच, म्हैस मागायला आलेल्यालाही तेच. लहान लेकरालाही कळतं.

लामदुआनलाही कळलं. पण दुसरं भांडं ह्या नावाचं घर कागदावर नव्हतं. तिनं सहाव्या घरात खूण केली. आणि आपल्या शाळेच्या वहीत, जिच्यात ती आधी कच्चं लिहून मग कागदावर उतरवायची, तिच्यात लिहिलं: 'दुसरं भांडं भरलं. गोगलगाई चवीच्या निघाल्यात म्हणाली.'

दुसऱ्या घरी दुसरं भांडं. तिसऱ्या घरी बाप्यानं खुशाल सांगितलं, "चार लिही. पोराला कारखान्यात काम लागंल." चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरी पुन्हा दुसरं भांडं. अठरा घरं झाली तेव्हा लामदुआनचं पोट पाण्यानं टम्म झालं होतं, आणि चौदा कागदांवर सहाव्या घरात खूण होती.

संध्याकाळी तिनं त्या कागदांचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी चायनारोंगचा फोन आला. आवाजात राग नाही, उलट काळजी.

"पी, हे असं चालायचं नाही. सांगता येत नाही, सांगता येत नाही. वरचे म्हणतील मुलाखत घेणारीला विचारता येत नाही. सगळा नमुना बाद होईल आणि मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील, जो दारात उभा राहून विचारेल. तुमच्या लोकांना ते आवडेल का?"

"न्हाई साहेब. पण ती माणसं…"

"ती रागावली का?"

"न्हाई. राग कशाला करतील."

"नाही म्हणाली?"

"तोंडानं न्हाई म्हणाली."

"हसली का?"

"हसली."

"पाणी दिलं?"

"दिलं."

"मग हसून पाणी देणारा माणूस पाच पायऱ्यांवर कुठल्या पायरीवर उभा असतो, तुम्हीच सांगा. एकवर? दोनवर?" तो मऊ हसला. "मी काही खोटं लिहायला सांगत नाही. तुम्ही त्यांना ओळखता. तुम्हीच ठरवा. आणि खालच्या ओळीत त्यांचे शब्द आहेतच की. वाचणारा वाचेल."

फोन ठेवल्यावर ती ते चौदा कागद घेऊन ओट्यावर बसली. तिला ठाऊक होतं. हेच मला तुम्हाला सांगायचंय, की तिला ठाऊक होतं. न कळता चूक करणारा गाळात पाय घालतो. कळून करणारा दुसऱ्याच्या पाठीवर पाय देतो. पण तिनं मनाला समजावलं, की खालच्या ओळीत शब्द आहेत, वाचणारा वाचेल. आणि आपण सोडलं तर दारात उभा राहणारा कुणी येईल. तिनं खोडरबर घेतलं. सहाव्या घरातली खूण पुसली आणि चाराच्या घरात केली. पुसलेलं दिसूही नये इतकं नीट केलं, ह्याचंच तिला पुढं वाईट वाटायचं.

पुढची बेचाळीस घरं तिनं तशीच केली. पण वहीत मात्र जसंच्या तसं उतरवलं. साठातल्या एकेचाळीस घरांपुढं लिहिलं होतं: दुसरं भांडं.

चौथा महिना आला. ऊन असं, की बांधावर उभी म्हैस दुपारी मातीची वाटावी. आख्यान दहा दिवसांवर असताना ग्रामसभेच्या मंडपापुढं कारखान्याची पाटी लागली. तिच्यावर एक उंच हिरवा खांब रंगवलेला, आणि खांबाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात: शेकडा सत्त्याऐंशी. खाली ओळ होती: 'तळ्याची जागा आणि पाणी कारखान्याला द्यायला नोंगफाए गावाची संमती. घरोघर मुलाखती: लामदुआन.' आणि सुनावणीची तारीख.

लोक पाटीपुढं उभे राहिले. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. कुणी ओरडलं नाही. लुंग थोंगसा तेवढा म्हणाला,

"बरं झालं बाबा माझं घर निघालं न्हाई. निदान मी तरी तळं इकलं न्हाई." मग लामदुआनकडं बघून, "शितावरनं भाताची परीक्षा म्हणालीस ना गं? शितंच पोरी तुझ्या पदरची हायत ही."

"लुंग, हा प्रश्न मी विचारलाच न्हाई. मी समाधानाचं विचारलं. त्यांनी संमती केली."

"आन् आकडा? तो कुणी केला?"

तिनं पाटीवरच्या आपल्या नावाकडं पाहिलं आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन तळ्यावर उतरली, तर ओळीत जागाच नव्हती. बाया खांद्याला खांदा लावून सरकलेल्या. सुपिन म्हणाली, "आली बगा चार." तेव्हापासून तिचं नाव चार पडलं. चार पाण्याला चालली, चारचा फोन वाजतोय. कुंपणच शेत खायला लागलं तर ओरडायचं कुणाकडं, असं बाया तिला ऐकू जाईल इतक्याच हळू बोलायच्या.

तिनं चायनारोंगला फोन लावला.

"प्रश्न बदलला तुम्ही."

"बदलला नाही, पी. अहवालात सार लिहितात. सुधारून वापरात आणणं म्हणजे शेवटी जागा देणंच ना?"

"आन् खालच्या ओळीतले शब्द?"

"खुल्या उत्तरांची वर्गवारी करायला वेळ लागतो हो. 'इतर' मधे गेली ती. तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका. अक्षर मात्र फार सुंदर आहे तुमचं."

मग ती याय पिम्फाकडं गेली. पायरीवर बसली. म्हातारीनं पाणी दिलं. ते ती प्यायली. काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवून आणलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि त्याआधीच म्हातारी उठली, भांडं घेऊन रांजणाशी गेली, काठोकाठ भरून आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"जेवलीस का?" म्हातारी म्हणाली. हसली.

लामदुआन ते पाणी प्यायली. प्यावंच लागतं.

तिथनं ती देवळात गेली. लुआंगफो ताडपत्रं उन्हात पसरून कसर झाडत होते. तिनं लांब बसून सगळं सांगितलं, खोडरबरासकट. ते झाडत राहिले.

"वही हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय. पण नावं सांगणार न्हाई असं बुद्धापुढं बोललेय मी. वही वाचली तर ते मोडतं. न वाचली तर तळं जातं."

"नावं नको वाचू."

"मग कोण खरं मानंल, लुआंगफो? बिननावाचं बोलणं."

भिक्खूंनी एक पान उचलून फुंकलं. "मी राणीचं रडणं गातो. राणी कधी मंडपात येऊन बसलीय का? पण लेकरू गेलेली बाई खांबाआड तोंड फिरवती. तिला कुणी नाव घेऊन बोलावलं होतं का?" मग पान खाली ठेवून म्हणाले, "आन् एक. आपलं पाप आधी वाच. मग दुसऱ्याचं पाणी."

सुनावणीला मंडप भरला. पुढं टेबल, टेबलावर पाण्याची सुरई, पेले. मधे तालुक्याचा साहेब बसलेला. माणूस नदीच्याच काठचा, दोन ओढे पलीकडच्या गावचा. पण खुर्चीवर बसला की राजधानीची भाषा बोलायचा आणि तोंडावरची रेघही हलू द्यायचा नाही. त्याच्या शेजारी चायनारोंग. कागद पसरलेले, हिरवा खांब पडद्यावर.

"प्रतिसादाचं प्रमाण शंभर टक्के," तो सांगत होता. "एकाही घरानं मुलाखत नाकारली नाही. अशी पाहणी मी वीस वर्षांत पाहिली नाही."

साहेब म्हणाला, "कुणाला काही बोलायचंय?"

मग मागनं लामदुआन उठली. वही छातीशी धरलेली.

"मला बोलायचंय. ते खांबातले चार मी केलेत. लोकांनी न्हाई केले. एकेचाळीस घरांपुढं चारची खूण मी माझ्या हातानं केली. मला सांगितलं होतं, पण हात माझाच होता. आता त्या घरांनी काय म्हटलं ते वाचते. नाव कुणाचंच सांगणार न्हाई."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. आवाज आपोआपच लुआंगफोंच्या चालीवर आला. न गाणारी बाई, पण शब्द न हलवता वाचलं की लय येतेच.

"एक. दुसरं भांडं भरलं. गोगलगाई चवीच्या निघाल्यात म्हणाली. दोन. दुसरं भांडं भरलं. पोराच्या लग्नाला ये म्हणाला. चार. दुसरं भांडं भरलं. भांडं हातात घेऊन तळ्याकडं बघत राहिली, काही बोलली नाही. पाच. दुसरं भांडं भरलं. लव्हाळ्याच्या चटया विणून तीन लेकरं शिकवली म्हणाली…"

"साहेब," चायनारोंग मधेच म्हणाला, "निवडक वाक्यं म्हणजे नमुना नव्हे. ही चार वाक्यं ऐकून…"

"साठच्या साठ वाचते," लामदुआन म्हणाली. "ज्यांनी खुशीनं चार सांगितलं तेही वाचते. तीन. पोराला कारखान्यात काम लागंल म्हणाला. ते खरंय. तेही असू दे."

पुन्हा ती वाचत गेली. मंडपात पंख्याचा आवाज आणि तिचा आवाज. बारावं की तेरावं झालं असेल. मधल्या ओळीतनं याय पिम्फा गुडघ्यावर हात देऊन उठली.

"पयलं माझं हाय," ती म्हणाली. "गोगलगाईचं. मीच म्हटलं. नाव लिवून घ्या, पिम्फा."

मग लव्हाळ्याच्या चटयावाली उठली. ती सुपिन होती. लामदुआनकडं न बघता म्हणाली, "पाचवं माझं." मग लग्नाचं आमंत्रण देणारा उठला. एक एक करत माणसं उभी राहत गेली. लामदुआन आकडा वाचायची, कुणीतरी म्हणायचं, माझं. लुंग थोंगसाला राहवलं नाही, तोही उठला.

"माझं घर निघालंच न्हाई," तो म्हणाला. "पण निघालं असतं तर मी दोन भांडी भरली असती."

साठावं वाचून झालं तेव्हा उन्हाची तिरीप टेबलापर्यंत आली होती. साहेबानं एक शब्द लिहून घेतला नव्हता. चायनारोंग घाम पुसून हसला. तो वाईट माणूस नव्हता, असं लामदुआनला अजूनही वाटतं. फक्त त्याला पायरीवर बसता यायचं, पायरीवरचं ऐकता यायचं नाही.

"साहेब, भावना आम्ही जरूर जोडू. पण आकडे शास्त्रशुद्ध आहेत. परवान्याचा कागद ह्या महिन्यात पुढं जाईल, असं मी वर कळवू ना?"

साहेब त्याच्याकडं बघून हसला. चायनारोंगपुढचा पेला रिकामा होता. आल्या आल्या प्यायलेला. साहेबानं सुरई उचलली, पेला काठोकाठ भरला, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं ठेवला.

"जेवलात का?" साहेब म्हणाला. नदीकाठच्या भाषेत. "औंदा ऊन लई हाय."

सगळ्या मंडपानं त्या पेल्याकडं पाहिलं. चायनारोंगनं पेला तोंडाला लावला, एका दमात संपवला, आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहून खाली रेघ मारली. जवळ बसलेल्या लुंग थोंगसाला वाचता येत होतं. 'साहेब अनुकूल', असं होतं ते. गाडीची धूळ रस्त्यावर बसेपर्यंत गावानं हसू दातांत धरून ठेवलं.

पण हसण्यात लामदुआनला कुणी बोलावलं नाही. ती वही घेऊन एकटीच निघाली. याय पिम्फाच्या पायऱ्यांपुढनंच तिची वाट होती. म्हातारी वर बसलेली.

"इकडं ये."

ती पायरीवर बसली. म्हातारीनं भांड्यात पाणी भरून दिलं.

"साहेब बदलून जाईल," म्हातारी म्हणाली. "दुसरा येईल, तो कुठल्या नदीचा असंल कोण जाणे. मग काय करशील?"

"वही ठेवलीय."

"ठेव. आन् ऐक. लोक तुला चारच म्हणणार. मी मेल्यावरबी म्हणतील. ते आता पुसायचं न्हाई, तुझ्या रबरानं तर मुळीच न्हाई."

"व्हय याय."

लामदुआननं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग ती भांड्याकडं बघत बसली. रांजण दोन हातांवर होता. म्हातारी पायाचा चिखल खरवडत होती, उठायचं नाव नाही.

"काय बगतीस त्याच्याकडं?" शेवटी ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे रिकामं. उद्या टोपली आण. उजव्या हाताला जागा करते."